खर्जाचा भार : बेस गिटार आणि तिचे वादक

संगीतात सर्वांत कमी ऐकला जाणारा आणि सर्वांत अधिक जाणवणारा स्वर कोणता, असे कोणी विचारले तर खर्जाचा, असेच उत्तर द्यावे लागेल. तंबोऱ्याची चौथी तार गवयाच्या पाठीशी अखंड बोलत असते. तिची वाहवा कोणी करीत नाही. परंतु ती थोडी जरी उतरली, तरी गवई अस्वस्थ होतो आणि श्रोत्यालाही काही तरी बिनसले आहे एवढे कळते. पायाचे दगड दिसत नाहीत, पण ते हलले की वाड्याच्या भिंतींना तडे जातात. खर्जाचे तसेच आहे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे पायाचे काम आज मुख्यतः बेस गिटार करते. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात एका बाजूला उभा राहून लांब दांडीची, चार जाड तारांची गिटार वाजविणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याकडे टाळ्या जात नाहीत. तथापि या साध्या दिसणाऱ्या वाद्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हे वाद्य राजदरबारात जन्मले नाही, कोणा थोर संगीतकाराच्या प्रतिभेतूनही ते निघालेले नाही. रोज रात्री नव्या गावी जाऊन पोटासाठी वाजविणाऱ्या वादकांच्या अडचणींतून ते निर्माण झाले. यंत्राने त्या वादकांचा कोणता भार हलका केला आणि कोणता भार त्यांच्याच खांद्यावर राहिला, हे पाहणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

मनुष्याहून उंच वाद्य

बेस गिटारच्या आधी हे काम डबल बेस नावाचे वाद्य करीत असे. व्हायोलिनच्या कुळातील हा थोरला भाऊ. हा उभा केला म्हणजे वादकाच्या डोक्याच्या वर जातो. त्याच्या तारेची वाजती लांबी साधारण ४२ इंच असते, आणि सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ आंदोलनांचा असतो. हवेत या स्वराची एक लाट सुमारे आठ मीटर लांब पसरते. एवढी लांब लाट जोराने ढकलावयास डबल बेसचे अवाढव्य पोटही अपुरे पडते.

त्यातच मनुष्याच्या कानाची एक खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजमापे घेऊन असे दाखविले की, खालचा स्वर आणि मधला स्वर कानाला सारखेच मोठे वाटावयाचे असतील, तर खालच्या स्वराला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. आवाज जितका हळू, तितका हा फरक अधिक. म्हणजे खर्ज वाजविणारा आरंभापासूनच तोट्यात असतो.

तंतुवाद्यांच्या शांत मेळ्यात हा तोटा निभावून जाई, कारण तेथे गज असतो आणि एकाच वेळी सहा-आठ डबल बेस वाजतात. परंतु १९२० नंतर अमेरिकेत नृत्याचे व जाझचे जे बँड निघाले, त्यांत ट्रंपेट होते, सॅक्सोफोन होते, ढोल होते. आणि त्यांच्यासमोर बोटांनी तार छेडणारा बेसवादक एकटाच होता. तार मोठ्याने वाजावी म्हणून तो ती दांडीपासून उंच चढवून ठेवी आणि बोटांना फोड येईपर्यंत ओढी. तरीही मागच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत स्वर पोहोचत नसे, पोहोचे तो केवळ धपका. कार्यक्रम संपल्यावर हे धूड पुन्हा मोटारीच्या टपावर बांधून पुढच्या गावी न्यावयाचे, हा त्रास वेगळाच.

फसलेले व अर्धे साधलेले प्रयत्न

हे दोन्ही भार हलके करण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न सिअॅटल शहरातील पॉल टटमार्क याने केला. हा स्वतः वादक व संगीतशिक्षक होता. त्याच्या मुलाने पुढे सांगितलेली हकिकत अशी की, बँडमधील इतर मंडळी एका गाडीत हसत-खेळत प्रवास करीत, पण बेसवादकाची गाडी त्याच्या वाद्यानेच भरून जाई आणि तो बिचारा एकटा मागून येई. याचे टटमार्कला वाईट वाटे. १९३५ च्या सुमारास त्याने भरीव लाकडाचे, पडदे असलेले, गिटारप्रमाणे आडवे धरावयाचे विजेचे बेस वाद्य केले आणि ऑडिओव्हॉक्स या नावाने विकावयास आणले. आजच्या बेस गिटारची सारी लक्षणे त्यात होती. परंतु थोडीच वाद्ये खपली आणि ही कल्पना विस्मृतीत गेली.

न्यूयॉर्कच्या एव्हरेट हल याने दुसरा मार्ग धरला. वाद्य तेच ठेवून त्याचा आवाज तेवढा वाढवावा, असा त्याचा विचार. डबल बेस ज्या खुंटावर उभा राहतो, त्या खुंटालाच जोडून वाद्याच्या पोटात मायक्रोफोन बसविण्याची युक्ती त्याने काढली. खुंटाला इंग्रजीत पेग म्हणतात. त्यावरून १९४६ च्या सुमारास अँपेग हे नाव जन्मास आले. यामुळे आवाजाचा प्रश्न काहीसा सुटला, पण ओझ्याचा प्रश्न तसाच राहिला.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

दोन्ही प्रश्न एकदम सोडविले ते लिओ फेंडर याने. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ पासून त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. गंमत अशी की, या गृहस्थाला गिटार वाजविता येत नव्हती. परंतु वादक दुकानात येत, आपली गाऱ्हाणी सांगत, आणि तो ती लक्ष देऊन ऐके. १९५१ च्या अखेरीस त्याने जे वाद्य बाजारात आणले, त्याचे नाव प्रिसिजन बेस. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बेसच्या दांडीवर पडदे नसतात. बोट कोठे ठेवावे हे केवळ कानाने व सवयीने कळते. फेंडरने दांडीवर २० पडदे बसविले, त्यामुळे पडद्यामागे बोट दाबले की स्वर नेमका येऊ लागला. तारेची लांबी त्याने ३४ इंचांवर आणली. शरीर भरीव लाकडाचे केले. पोकळ वाद्यात कर्ण्यातील आवाज परत शिरून जी शीळ घुमते, तिचा उपद्रव भरीव लाकडात पुष्कळ कमी होतो. दांडी स्क्रूंनी बसविली, म्हणजे बिघडल्यास बदलता यावी. दुसऱ्याच वर्षी, १९५२ साली, या वाद्यासाठी त्याने बेसमन नावाचा १५ इंची कर्ण्याचा अॅम्प्लिफायर काढला.

याचे स्वागत सर्वत्र झाले असे नाही. जाझमधील पुष्कळ जुन्या वादकांना ते खेळणे वाटले. लायोनेल हॅम्पटनसारख्या नामांकित बँडप्रमुखाने मात्र ते आपल्या वाद्यवृंदात आणले, आणि त्याच्याकडील मंक माँटगोमेरी हा हे वाद्य गंभीरपणे हाताळणाऱ्या पहिल्या जाझवादकांपैकी एक ठरला. विरोधकांचा मुद्दा असा की, पडदे आले म्हणजे कानाची साधना गेली. कोणीही गिटारवाला उठेल आणि बेस वाजवील. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. बोट ठेवले की तयार स्वर मिळतो व श्रुतींचा बारकावा हरवतो, असाच आक्षेप आपल्याकडे पेटीवर घेतला गेला, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दूर ठेवले. तरीही पेटी टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हाती तिचे काय झाले, ते महाराष्ट्राला सांगावयास नको. सोपे वाद्य कलावंताला मारीत नाही. कलावंत आहे की नाही, एवढेच ते लवकर उघड करते.

तीन वादक

बेस गिटारच्या बाबतीत हे कसे उघड झाले, याची तीन उदाहरणे पाहू.

पहिला जेम्स जेमरसन. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात १९३६ साली जन्मलेला हा मुलगा डेट्रॉइटला आला, शाळेत डबल बेस शिकला, रात्री क्लबांत वाजवू लागला आणि पुढे मोटाऊन या ध्वनिमुद्रिका कंपनीचा मुख्य बेसवादक झाला. १९६२ सालची एक प्रिसिजन बेस त्याने आयुष्यातील बहुतेक काम करताना वापरली. तिच्यावर जाड, गुळगुळीत पट्टीच्या तारा असत, आणि तुटल्याखेरीज तो त्या बदलीत नसे. उजव्या हाताचे एकच बोट तो वापरी. त्याचे सोबती त्या बोटाला आकडा म्हणत. साधने एवढीच. परंतु डबल बेसवर घटविलेला कान आणि जाझची तालीम या एका बोटामागे उभी होती. त्यामुळे गाण्याच्या खाली केवळ ठेका न देता तो एक दुसरे गाणेच विणीत जाई.

दुसरी कॅरोल के. लॉस एंजेलिसमधील ही गिटारवादिका. १९६३ साली एका मुद्रणाला बेसवादक आला नाही, म्हणून तिच्या हाती बेस देण्यात आली. पुढे तिने असे सांगितले की, तीन-चार निरनिराळ्या गिटारी उचलून नेण्यापेक्षा एकच बेस नेणे तिला सोयीचे वाटले. तेथेही ओझ्याचाच प्रश्न! ती नखीने वाजवी आणि घोडीजवळ तारांवर फेल्टचा तुकडा बसवी, म्हणजे स्वर रेंगाळू नये, प्रत्येक आघात स्वच्छ सुटा ऐकू यावा. स्वर केव्हा सुरू करावयाचा याइतकेच तो केव्हा थांबवावयाचा याला महत्त्व आहे, हे या फेल्टच्या तुकड्याने शिकविले.

तिसरा लॅरी ग्रॅहॅम. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला हा तरुण आपल्या आईच्या लहानशा वाद्यमेळ्यात वाजवीत असे. मेळ्यातून ढोलवादक गेला. नवा आणावयाचा तर पैसे हवेत. तेव्हा त्याने अंगठ्याने जाड तारेवर ठोका देऊन मोठ्या ढोलाची उणीव भरून काढली आणि बोटाने बारीक तार उचकून लहान ढोलाची. हीच युक्ती पुढे जगभर एक स्वतंत्र वादनपद्धती म्हणून मान्य झाली.

तिघांनाही जे वेगळे साधले, ते महाग वाद्यामुळे नव्हे. समोरची अडचण आणि हातातील साधन यांचा मेळ घालण्याची बुद्धी त्यांच्यापाशी होती.

आवाजाची चढाओढ

साधनांचा इतिहास मात्र दुसऱ्याच दिशेने धावत होता. १९६० साली अँपेग कंपनीने बी-१५ नावाचा अॅम्प्लिफायर काढला. त्याची शक्ती जेमतेम २५ वॅट. काम झाले की यंत्राचा भाग उलटा करून कर्ण्याच्या पेटीतच बसवावयाचा आणि चाकांच्या फळीवरून ढकलीत न्यावयाचा. लहान क्लबांत आणि मुद्रणगृहांत या पेटीने मोठे काम केले. परंतु त्याच दशकाच्या अखेरीस गाण्याचे जलसे क्रीडांगणांवर होऊ लागले. १९६९ साली त्याच कंपनीने एसव्हीटी नावाचे ३०० वॅटचे यंत्र काढले. दहा इंची आठ कर्ण्यांच्या पेटीसह ते रोलिंग स्टोन्स या मंडळींच्या अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. खांद्यावरून डबल बेसचे ओझे उतरले होते, त्याच्या जागी एका माणसाला न उचलणारी कपाटे आली!

येथे थोडे गणित सांगणे अवश्य आहे. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला हा फरक लहानच वाटतो. आवाज दुपटीने मोठा वाटावयाचा तर शक्ती सुमारे दहापट हवी. म्हणून २०० वॅटचे यंत्र विकून ४०० वॅटचे घेणाराने फार मोठी आशा बाळगू नये. उलट कानाच्या बाबतीत हेच गणित निर्दय आहे. रोज आठ तास ८५ डेसिबल ही अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने सुचविलेली मर्यादा आहे. त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो अवघा पंधरा मिनिटांवर येतो. रंगमंचावर झांजांच्या शेजारी दोन तास उभा राहणारा वादक ही मर्यादा रोज ओलांडतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

सुदैवाने गेल्या काही दशकांत ओझ्याचा प्रश्न पुन्हा सुटत आला आहे. निओडिमियमचे हलके चुंबक कर्ण्यांत आले, आणि डी वर्गाच्या म्हटल्या जाणाऱ्या अॅम्प्लिफायरमुळे शेकडो वॅटचे यंत्र दोन-तीन किलोत मावू लागले.

मुंबईची बाजू

या इतिहासाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. १९३५ साली लिऑन अॅबी या कृष्णवर्णी अमेरिकन बँडप्रमुखाने आपला बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला, आणि त्यानंतर मुंबईत जाझ रुजला. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेले गोव्याचे वादक या बँडांत शिरले आणि तेथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ हे त्याच परंपरेतले. ज्या गाण्यांवर महाराष्ट्रातील दोन पिढ्यांनी ठेका धरला, त्यांच्या तळाशी हा खर्ज आहे. परंतु तबकडीच्या वेष्टणावर गायक, संगीतकार व गीतकार यांचीच नावे असत. वादकांची नावे सहसा छापीत नसत.

आजच्या वादकास

आता जे तरुण आज लग्नसमारंभांत, उत्सवांत, ऑर्केस्ट्रांत बेस वाजवून चार पैसे मिळवितात, त्यांना या इतिहासावरून काय सांगता येईल?

साधनांबद्दल थोडेच. वाद्य साधे चालेल, पण त्याची दांडी सरळ आणि पडदे समतल असावेत. वाद्य साधारण चार किलोंचे असते. तेव्हा पट्टा रुंद घ्यावा, पाठीचे दुखणे टळते. एक जादा वायर, तारांचा एक संच, एक फ्यूज आणि सूर लावण्याचे छोटे यंत्र पिशवीत नेहमी असावे. कार्यक्रम बंद पडतो तो बहुधा वायरीमुळे. दोन कर्णे समांतर जोडताना त्यांचा एकत्रित रोध पाहावा. आठ-आठ ओहमचे दोन कर्णे मिळून चार ओहम होतात, आणि यंत्र तेवढ्याला योग्य नसेल तर जळते. व्हॉल्वचे यंत्र तर कर्णा जोडल्याशिवाय कधीही चालू करू नये. घुमणाऱ्या सभागृहात स्वर अस्पष्ट झाला की खर्जाची कळ वाढविण्याचा मोह होतो. त्याने घुमारा वाढतो, स्पष्टता वाढत नाही. खालच्या स्वराबरोबर त्याचे वरचे सहस्वर वाजत असतात आणि कान त्यांवरूनच स्वर ओळखतो. म्हणून अशा वेळी खर्ज थोडा उतरवून मधला भाग किंचित चढवावा. कर्णा जमिनीवरून उचलून कानाच्या दिशेने तिरपा केला, तर कमी आवाजातही स्वतःचे वादन ऐकू येते. कानांत बोळे घालण्याची लाज वाटू देऊ नये.

अभ्यासाबद्दल अधिक सांगावयाचे आहे, कारण खरा भार तेथे आहे. लय दाखविणाऱ्या मेट्रोनोमबरोबर सर्वच वाजवितात. परंतु त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर न मानता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मानून वाजवावे. कॅरोल के यांनी ही रीत आवर्जून शिकविली. यात सम आपणच सांभाळावी लागते, यंत्र ती दाखवीत नाही. गाणे प्रथम फार संथ लयीत बसवावे. संथ लयीत स्वर धरून ठेवणे हे द्रुत लयीतील चमत्कारापेक्षा कठीण आहे. न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी दाबून गप्प ठेवण्याचा वेगळा सराव करावा. कार्यक्रम उभ्याने करावयाचा असेल तर सरावही उभ्यानेच करावा. ढोलवादकाच्या उजव्या पायाकडे लक्ष ठेवावे. त्याचा पाय आणि आपले बोट एकाच क्षणी पडले म्हणजे दोन वाद्ये एक होतात. शेवटी, गायकाचा श्वास चालू असताना आपण भरणा करू नये. आपले गवई पहाटे उठून खर्ज भरतात. त्यात टाळी मिळविणारी एकही जागा नसते, परंतु दिवसभराचे गाणे त्याच मेहनतीवर उभे राहते. बेसवादकाचा सराव याच जातीचा आहे.

भार वाहणाऱ्याचे नाव

जेमरसनची कथा अजून पुरी झालेली नाही. मोटाऊनच्या तबकड्या जगभर खपत असताना त्याचे नाव त्यांवर नव्हते. १९७१ साली मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ते प्रथम मानाने छापले गेले. १९८३ साली त्या कंपनीने आपल्या पंचवीस वर्षांचा मोठा सोहळा केला, तेव्हा जेमरसनला बाहेरून चढ्या भावाने तिकीट घेऊन सज्जातून तो पाहावा लागला, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्याच वर्षी तो वारला. पुढे २००० साली रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात त्याचे नाव लागले.

यंत्रांनी वाद्याचे ओझे कमी केले, आवाजाचा प्रश्न सोडविला, सूरही सोपा केला. लय, संयम आणि सोबत्याचे भान यांसाठी मात्र अद्याप यंत्र निघालेले नाही. तो भार वादकालाच वाहावा लागतो. आणि आणखी एक भार आहे, तो श्रोत्यांचा. जो दिसत नाही, त्याचे नाव विचारणे. पुढच्या वेळी ऑर्केस्ट्राचा निवेदक गायकांची नावे सांगून थांबला, तर बेस कोण वाजवीत होते, असे आपण उठून विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.